फोनवरचा चौकोन

लाँड्रीचा धंदा कपडे धुण्याचा असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी लाँड्री काढण्याच्या फंदात पडू नये. धुवायचं काम यंत्र करतं. खरं काम असतं ते धुतलेले कपडे माणसांच्या गळ्यात परत मारण्याचं. माणूस मळका कोट बगलेत मारून धापा टाकत येतो, "उद्या मिळेल का हो?" असं काकुळतीनं विचारतो, आणि एकदा का कोट काउंटरच्या आत गेला की त्याचं नाव काढत नाही. थंडी येते, थंडी जाते, कोट आपला दांड्यावर लटकलेला. जगातले सगळे विसरभोळे आपल्याच दुकानात का येतात, असं लाँड्रीवाल्या काकू चारचौघांत विचारायच्या, आणि समोर उभं असलेलं गिऱ्हाईक ओशाळून हसायचं.

दुकान काकूंच्या सासऱ्यांचं. पुढे अरुंद खोली, तिच्यात लाकडी काउंटर, काउंटरवर काळा फोन. काकूंच्या पाठीमागे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोखंडी दांडा, त्यावर हँगरला लावलेले कपडे खांद्याला खांदा लावून उभे. त्याच्या मागे वाफेची इस्त्री, आणि अगदी आत यंत्राची खोली. काचेच्या दारावर आतून कायम धुकं. बाहेरून येणाऱ्याला आधी काकूंचा आवाज यायचा, मग काकू दिसायच्या.

आवाजाचं म्हणाल तर त्याला इतिहास होता. पदवी घेतल्यावर काकूंनी टेलिफोनच्या कचेरीत नोकरी धरली होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, आणि दिवसभर माणसं माणसांना जोडून द्यायची. मग एके दिवशी आपोआप जोडणारं यंत्र आलं आणि मुलींच्या हातात एकेक फुलांचा गुच्छ देऊन त्यांना घरी पाठवण्यात आलं. काकूंनी यंत्राचा राग धरला नाही. ते त्यांच्यापेक्षा भराभर जोडत होतं, चुकत नव्हतं, चहाला उठत नव्हतं. चांगलं काम करणाऱ्याचा राग कसला करायचा? पण हेडफोन काढून टेबलावर ठेवताना, आता आपला आवाज कोणाला लागणार नाही, हे त्यांना लागलं ते लागलंच.

सासरे माणूस ओळखणारे होते. सुनेला काउंटरवर बसवून म्हणाले, "सूनबाई, कपडे आम्ही धुतो. माणसं तुम्ही आणा."

आणि सूनबाईंनी आणली. रोज सकाळी दुकान उघडलं की काकू दांड्यावरून एक नजर फिरवायच्या आणि फोन उचलायच्या. त्यांना गिऱ्हाइकं नावानं कमी आणि कपड्यांनी जास्त लक्षात राहत.

"न्यायाधीशसाहेब, तुमचा करडा कोट इथे कोंडून पडलाय. त्याचा गुन्हा काय ते तरी सांगा."

"अहो डॉक्टरीणबाई, लोकांच्या दाढा उपटायला वेळ आहे, आणि स्वतःचे पडदे न्यायला नाही? खिडकीला काय वर्तमानपत्र लावलंय का?"

निवृत्त न्यायाधीश आणि दातांच्या डॉक्टरीणबाई, दोघंही हसत हसत यायचे. बाकीचेही यायचे. बोलणी खायला माणसं वळसा घालून येतात, हे काकूंना कचेरीत असल्यापासून माहीत होतं.

आता मालकांविषयी. मालक म्हणजे काकूंचे यजमान. घरीदारी सगळे त्यांना मालकच म्हणत, कारण मालकी दाखवण्याचा त्यांना भारी सोस होता. डाग काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, एवढं मात्र खरं. शाई, गंज, ग्रीस, काहीही आणा. पण हातातल्या कसबाचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. त्यांना कौतुक होतं साडूचं.

साडू म्हणजे काकूंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं फर्निचरचं दुकान, तेही नुसतं दुकान नव्हे, शोरूम. एका रविवारी ताईकडे जेवायला गेले असताना, हात धुऊन होतात न होतात तोच साडूंनी मालकांच्या नाकासमोर फोन धरला.

"बघा, हा आमचा चौकोन."

फोनच्या काचेवर, इतर चौकोनांच्या घोळक्यात, एक चौकोन होता आणि त्यात साडूंचा हसरा चेहरा.

"दाबा की! अहो, घाबरता काय, चावणार नाही." मालकांनी दाबलं. एक गोल चक्र बराच वेळ फिरलं, मग एक सोफा गरगरत आला. साडू खुर्चीत मागे रेलले. "आमचं ॲप. आता मी लोकांच्या खिशात बसलोय. तुमचं काय, अजून काळ्या फोनवर ओरडाओरडच चाललीय?"

काकू म्हणाल्या, "भावजी, खिशात बसलात ते ठीक, पण सोफा एवढा फिरवलात तर बसणाऱ्याला उलटी होईल."

ताई फस्सकन हसली. मालक हसले नाहीत. घरी येऊन पायातली चप्पल काढता काढता ते म्हणाले, "आपलाही चौकोन पाहिजे."

काकूंनी मोडता घातला नाही. लोकांना सकाळी कामं असतात, फोन उचलायला फुरसत नसते, कपडे झाल्याचा निरोप दुसऱ्या एखाद्या वाटेनंही गेला तर बरंच आहे, हे त्यांनाही दिसत होतं. त्यांनीच एक गिऱ्हाईक मुलगी बोलावली. तिची जाकिटं दांड्यावर यायची आणि असली कामं करून देण्याचं तिचं स्वतःचं छोटं ऑफिस होतं. मुलगी आली, स्टुलावर बसली, दुकान कसं चालतं ते ऐकलं, दांड्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काका, तुम्हाला वेब ॲप पुरेल."

"म्हणजे?"

"म्हणजे लोकांना फोनवर काही उतरवून घ्यायला लागणार नाही. कपडे झाले की मेसेजमधून एक लिंक जाईल. ती दाबली की पान उघडेल, त्यात त्यांचा कपडा, कधी नेताय ते सांगायचं बटण, झालं. कुठलाही फोन चालेल, घरातला कॉम्प्युटर चालेल. तुम्हाला काही बदलायचं असेल तर एकदा बदललं की सगळ्यांना बदललेलं दिसेल."

"आणि चौकोन?"

"चौकोन नसतो. म्हणजे हवा असेल तर ज्याचा तो लावून घेऊ शकतो, पण..."

"चौकोन नाही?" मालकांचा चेहरा पडला. "मग लोकांना दिसणार काय?"

"त्यांचे कपडे," मुलगी म्हणाली.

काकूंना ती मुलगी तेव्हाच आवडली.

"हे बघ बाळ," मालक आवाज जड करून म्हणाले, "लिंक काय, कोणीही पाठवतं. लुबाडणारेही लिंकच पाठवतात. ॲप म्हणजे कसं, वजन असतं."

"वजन असतं हे खरं आहे काका, म्हणून तर लोक पुसून टाकतात. फोनमध्ये जागा नसते. जे रोज उघडायचं, ते लोक ठेवतात. तुमच्याकडे माणसं कामासाठी वर्षातून किती वेळा येतात? तेवढ्यासाठी ॲप शोधा, उतरवा, नाव घाला, पासवर्ड घाला, तो विसरा... दोन तऱ्हेचे फोन, म्हणजे दोनदा बनवा, आणि नवीन फोन निघाले की पुन्हा डागडुजी. उद्या तुम्ही घरोघर गाड्या पाठवून कपडे गोळा करायला लागलात, तर त्या गाडीवाल्यांना मीच ॲप करून देईन. आज नको."

इतकं सरळ, इतकं खरं कोणी बोललं की मालकांच्या डोक्यावरून जायचं असं नाही, ते कानातच शिरत नसे. त्यांनी मुलीला चहा पाजला, तिच्या जाकिटावरचा डाग फुकट काढून देण्याचं कबूल केलं, आणि दुसऱ्याच दिवशी साडूंना बरोबर घेऊन काचेच्या केबिनमध्ये बसणाऱ्या एका कंपनीच्या माणसाकडे गेले. तो माणूस सगळ्याला "हो सर" म्हणाला. चौकोन? हो सर. चौकोनात माझा फोटो? हो सर. ॲप उघडताना संगीत? उत्तम कल्पना सर. असल्या माणसांना काय, तुम्ही लाँड्रीच्या ॲपमध्ये घोडा उड्या मारताना मागितलात तर ते रंग कोणता एवढंच विचारतील.

चौकोन तयार झाला. मालकांनी डोक्याला तेल लावून, भांग पाडून फोटो काढून घेतला होता. उद्घाटनाची पहिली ऑर्डर त्यांनी स्वतःच दिली: स्वतःचा निळा शर्ट. त्याचा फोटो काढला, बटण दाबलं, संगीत वाजलं, साडूंनी टाळ्या वाजवल्या.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण त्याच संध्याकाळी पाटी रंगवणारा आला. त्यानं दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबर खरवडून काढला आणि तिथे मालकांचा हसरा चेहरा चिकटवला. खाली लिहिलं, "ॲप उतरवा, निश्चिंत व्हा." आणि आत काउंटरवर, काकू बघत असताना, मालकांनी काळ्या फोनची वायर भिंतीतून ओढून काढली.

"अहो, हे काय?"

"अगं, आता याची गरज काय? कपडे झाले की आपोआप निरोप जाणार. तू किती वर्षं घसा कोरडा करतेस. आता घरी आराम कर."

"मी मागितला होता आराम?"

"आणि खरं सांगू? ते तुझं ओरडणं... साडू म्हणत होते, प्रोफेशनल वाटत नाही."

काकूंनी वायरकडे बघितलं. आपोआप जोडणाऱ्या यंत्रानं निदान काम तरी केलं होतं. इथे कामाचा पत्ता नव्हता, नुसता फोटो होता, आणि त्या फोटोसाठी त्यांना दुसऱ्यांदा खुर्चीवरून उठवलं जात होतं, तेही गुच्छाशिवाय.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आता तुमच्या चौकोनालाच आणू दे माणसं. हा फोन परत लागल्याशिवाय मी या काउंटरला हात लावणार नाही."

आणि पर्स उचलून त्या घरी गेल्या. दुकानाशिवाय काकू म्हणजे काय, हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. त्यांनी कपाटं आवरली, आवरलेली पुन्हा आवरली, खिडकीतून रस्त्यानं जाणाऱ्या माणसांच्या कॉलरी बघितल्या आणि मनातल्या मनात त्यांना फोन लावले. खरा फोन मात्र लावला तो फक्त ताईला.

"ताई, भावजींचं ते ॲप तुझ्या फोनवर आहे का गं?"

"होतं बाई. नातीचे फोटो मावेनात, म्हणून पुसलं. त्यांना सांगू नकोस हं!"

इकडे दुकानात कपडे येत होते, कारण मळायचं काही कोणी थांबत नाही. जात मात्र नव्हते. मालक गिऱ्हाइकांना ॲप उतरवायला सांगायचे, गिऱ्हाईक "हो हो, घरी जाऊन करतो" म्हणायचं. घरी जाऊन माणूस काय करतो हे सगळ्यांना माहीत आहे. ज्या थोड्यांनी खरंच उतरवलं, त्यांना पहिल्याच दिवशी संगीत वाजवून सणसणीत जाहिरात गेली, आणि त्यांनी निरोपच बंद करून ठेवले. एका बाईनं सगळं नीट केलं, तर कपड्याच्या प्रकारात शर्ट, पॅन्ट, कोट आणि 'इतर' एवढंच. तिनं तिचा पायघोळ झगा, दोन शाली आणि सोफ्याची खोळ, सगळं 'इतर'मध्ये घातलं आणि तिला निरोप गेला, "आपले इतर तयार आहे." तिला काही बोध झाला नाही.

दांडा भरला. मग हँगरवर हँगर चढले. मग कपडे यंत्राच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाखाली, काउंटरवर. इस्त्रीवाला कपड्यांच्या भिंतीआडून बोलायला लागला. "मालक, मी इथेच आहे, आवाज येतोय ना?" मधोमध लोखंडी दांडा चक्क वाकला. मालकांनी स्वतःच्या मोबाइलवरून फोन करून बघितले. "नमस्कार, आपली ऑर्डर तयार असून..." एवढ्यावर लोक ठेवून देत. अनोळखी नंबरावरून गोड आवाजात ऑर्डर तयार आहे म्हणणारा माणूस लुबाडणाराच असणार, हे लोकांना मालकांनीच सांगायला हवं असं थोडंच होतं?

घरी ते सांगत, "चाललंय, जम बसतोय." काकू म्हणत, "बसू दे."

एका दुपारी घराची घंटा वाजली. काकूंनी दार उघडलं, तर दारात न्यायाधीश. अंगात कोपराला झिजलेला जुना कोट, हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ, चेहरा निकाल वाचायच्या आधीचा असतो तसा गंभीर. काकूंना बघून ते एक पाऊल मागे सरले.

"तुम्ही... तुम्ही आहात?"

"नसायला काय झालं?"

न्यायाधीश गोरेमोरे झाले. गुच्छ पाठीमागे लपवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण गुच्छ मोठा होता. "बाई, माफ करा. इतके दिवस तुमचा फोन नाही. मीच लावला तर लागेना. दुकानावरून गेलो तर पाटीवरचा नंबर गेलेला, काउंटरवर तुम्ही नाही... आम्हा सगळ्यांना वाटलं..."

"काय वाटलं? मी गेले?"

"डॉक्टरीणबाई तर रडल्या."

"आणि मी गेले म्हणून हे पाटीवर दात काढून हसतायत, असं वाटलं तुम्हाला?"

"तेच जरा चमत्कारिक वाटलं," न्यायाधीशांनी कबूल केलं. "पण दुःखात माणसं कशी वागतील सांगता येत नाही. म्हणून कोणी कपडे न्यायला जाईना. अशा वेळी आपला कोट मागायचा म्हणजे... बरं दिसत नाही ना."

काकू दाराच्या चौकटीला धरून हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि ते पाणी सगळं हसण्याचंच होतं असं नाही. आपला आवाज कोणाला लागत नाही म्हणे! गावभर लोक जुन्या कोटात कुडकुडत होते, पडद्यांवाचून राहत होते, ते काकूंच्या सुतकात.

"द्या तो गुच्छ इकडे," त्या म्हणाल्या. "टेलिफोनच्या कचेरीनंतर पहिलाच आहे. आणि चला माझ्याबरोबर, तुमचा कोट सोडवू."

दुकानात शिरायला दोघांना कपडे बाजूला सारावे लागले. आत मालक वाकलेल्या दांड्याखाली झाडूचा बांबू टेकू म्हणून लावत होते. काकूंना बघून त्यांनी बांबू सोडला नाही, सोडता येण्यासारखा नव्हताच.

"अगं, तू?"

"मीच. साहेब खात्री करून घ्यायला आलेत. अहो मालक, लोकांना वाटलं मी मेले."

"काय?"

"आणि तुम्ही आनंदानं फोटो लावलात."

मालकांनी न्यायाधीशांकडे बघितलं. न्यायाधीशांनी छताकडे.

"मग कोणी ॲप का उतरवलं नाही?" मालकांनी शेवटी विचारलं, अगदी लहान आवाजात.

"तुमच्या साडूंचं ॲप त्यांच्या बायकोच्या फोनवर नाही. मी विचारलं. तुमचं लोक का ठेवतील? त्यात बघायला काय आहे, तुमचा भांग?"

मालकांनी वाकलेल्या दांड्याकडे बघितलं. डाग काढणारा माणूस होता. कुठला डाग कापडासकट निघेल, हे त्यांना उशिरा का होईना, कळायचं. बांबू न्यायाधीशांच्या हातात देऊन ते खाली वाकले, काउंटरखालचं कपाट उघडलं, काळा फोन बाहेर काढला, फडक्यानं पुसला आणि वायर भिंतीत लावली. मग जरा थांबून म्हणाले, "ओरड आता."

"असं सांगून ओरडत नाही मी," काकू म्हणाल्या. "आधी पाटीवर नंबर लिहून घ्या. आणि त्या मुलीला बोलवा."

मुलगी आली. तिनं 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही, पण डागाचं जाकीट आठवणीनं बरोबर आणलं. तिनं साधं पान करून दिलं. कपड्याचा फोटो, आणि खाली काकूंनी त्या त्या माणसासाठी स्वतः लिहिलेली ओळ. न्यायाधीशांचा कोट ढिगातून निघाला तेव्हा त्यांना गेलेली ओळ होती, "करड्या कोटाला जामीन मंजूर. घेऊन जा." डॉक्टरीणबाईंनी त्यांची ओळ दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवली. बरीच माणसं त्या लिंकवरून यायला लागली. बरीच येत नव्हती, त्यांच्यासाठी काळा फोन होता. दांडा हळूहळू मोकळा झाला, पण मधला बाक काही गेला नाही. काकूंनी तो बदलू दिला नाही. असू दे म्हणाल्या, यांना दिसत राहू दे.

साडूंनी विचारलं तेव्हा मालकांनी, "आम्ही आता दोन्ही ठेवलंय," असं छाती काढून सांगितलं. म्हणजे चौकोन होता, फक्त मालकांच्या फोनवर.

दांडा रिकामा करता करता अगदी शेवटच्या टोकाला, भिंतीशी, एक निळा शर्ट निघाला. धुतलेला, कडक इस्त्रीचा, खांद्यावर धूळ बसलेला. उद्घाटनाची पहिली ऑर्डर. त्याचा निरोप संगीतासह मालकांच्या फोनवर कधीच जाऊन बसला होता आणि मालकांनी तो आजतागायत उघडला नव्हता.

मालक आतल्या खोलीत, यंत्रापाशी, चार पावलांवर होते. काकूंनी शर्टाकडे बघितलं, काळा फोन उचलला आणि त्यांचा नंबर फिरवला. आत मोबाइल वाजला.

"हॅलो?"

"अहो निळ्या शर्टवाले," काकू म्हणाल्या, "तुमचा शर्ट कधीचा होऊन पडलाय. नेताय, की साडूंच्या सोफ्याला खोळ शिवू त्याची?"

मालक म्हणाले, "आलो, आलो," आणि खरोखरच लगबगीनं आले.